रथापुढचा मुका नादस्वरम

रथाचे दोर लोकांनी खांद्यावर घेतले होते आणि कलियमूर्तीचा नादस्वरम वाजेना.

त्याने त्या लांबलचक सनईत पुन्हा फुंकलं. गाल फुगले, आवाज नाही. आणि नादस्वरम वाजल्याशिवाय या गावात देवळातल्या स्वामींचा रथ हलत नाही. बंदोबस्तावरच्या फौजदार वेण्णिला यांनी वाद्य उचलून नळीत पाहिलं. आत भाताच्या खळीत भिजवलेली चिंधी ठासली होती. वाळून दगड झाली होती.

खळ म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा साथीला तविल, म्हणजे ढोल, वाजवणाऱ्या शिंगारवेलूकडे वळल्या. वाजवताना बोटांवर घालायच्या कापडी टोप्या तो अशाच खळीने कडक करतो.

"खळीची वाटी मंडपात उघडीच असते," शिंगारवेलू म्हणाला. "वीस वर्षं याच्या शेजारी बडवतोय, फलकावर नाव मात्र याचं एकट्याचं. जळतो मी, लपवत नाही. पण वाद्याला हात लावला नाही."

वाद्याच्या खोलीची किल्ली तिघांकडे होती. हे दोघे आणि तिसरा कलियमूर्तीचा थोरला भाऊ, मुत्तुक्कण्णू. दात गेले तसं त्याचं वाजवणं सुटलं. आता तो धाकट्यासाठी वाद्याच्या तोंडाशी लावून फुंकायच्या बोरूच्या पाती घडवायचा. एकेका पातीला दोन महिने लागायचे. त्याने सरळ शिंगारवेलूकडे बोट दाखवलं.

वेण्णिलांनी कलियमूर्तीला विचारलं, "काल संध्याकाळी पात कुठे होती?"

"वाद्यालाच लावलेली. सकाळी बघतो तर डबीत, मऊ फडक्यात गुंडाळलेली. वाटलं, मीच ठेवली असेल."

पुजाऱ्याकडून त्यांना आणखी एक गोष्ट कळली. आठवड्यापूर्वी कलियमूर्तीची मुलाखत छापून आली होती. गुरू कोण, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, आमचे स्वामीच.

वेण्णिलांनी तिघांना मंडपात बसवलं.

"वाद्य उसनं मिळतं," त्या म्हणाल्या. "पात मिळत नाही, ती ओठांना बेतलेली असते. वैऱ्याने आधी पातच मोडली असती. इथे गजाने चिंधी ठासताना पात फुटेल, म्हणून कुणीतरी ती आधी काढली आणि जपून ठेवली. वाद्याचा राग होता, पातीवर जीव होता. असा माणूस एकच. ती घडवणारा."

मुत्तुक्कण्णूने कमरेची किल्ली काढून समोर ठेवली.

"सहा वर्षांचा होता तेव्हा मांडीवर घेऊन याची बोटं भोकांवर बसवली मी," तो म्हणाला. "पेपरातली ती मुलाखत गावाने मलाच वाचून दाखवायला लावली, अम्मा. एक दिवस तरी हा मुका व्हावा, असं वाटलं." मग शिंगारवेलूकडे वळून त्याने हात जोडले.

शिंगारवेलूने तोंड फिरवलं.

"छापणाऱ्याने चूक केली असेल," वेण्णिला कलियमूर्तीला म्हणाल्या.

"नाही." कलियमूर्ती भावाकडे न बघता बोलला. "अण्णाचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं, तर म्हातारी माणसं म्हणाली असती, थोरला याच्यापेक्षा गोड वाजवायचा. आणि ते खरं आहे."