सत्तेचाळीस नंबरचा दगड

तो तिला पहिल्यांदा दिसला तोच चोरी करताना! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि हातात तिचा पिवळा दगड.

"ठेवा तो खाली!" ती काठावरून ओरडली.

प्राकृतिक भूगोलातल्या तिच्या पीएचडीचा सगळा जीव त्या दगडांत होता. दीडशे दगड रंगवायचे, नंबर घालून नदीत मांडायचे आणि प्रत्येक पुरानंतर कोणता किती वाहून गेला ते मोजायचं. यंदा मात्र पूर येऊन जायचा आणि बरेचसे दगड जागच्या जागी! सरांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर वर्ष फुकट गेलं म्हणून समजा."

"चोरत नाही, हे दगड पुरात वाहून गेले होते हो," तो म्हणाला. नदीची पातळी रोज मोजून लिहिणं, हीच त्याची नोकरी. "हरवू नयेत म्हणून... परत जागेवर आणून ठेवायचो."

"अहो, ते वाहून जायलाच ठेवले होते!" तिने कपाळावर हात मारला.

त्याचा चेहरा पडला. मग त्याने हळूच खिशातून वही काढली. कोणता दगड, कोणत्या तारखेला, किती मीटरवर सापडला... सगळं टिपलेलं. इतकं आयतं? तिच्या मनात पाल चुकचुकली.

"आत्ता रचलंत की काय?"

"रचायला मी काय कवी आहे? म्हणजे... तुमच्यामुळे होईनही."

"जास्त बोलू नका!"

पण परीक्षा घ्यायचीच, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेल्यावर तिने सत्तेचाळीस नंबर उचलला, मोजून तीस मीटर खाली नेऊन ठेवला आणि साळसूदपणे घरी गेली. शनिवारी वही मागितली.

'सत्तेचाळीस — तीस मीटर खाली. पाणी चढलेलं नाही. शेजारी चपलांचे ठसे, उजवी टाच झिजलेली. मोजणीत धरू नये.'

तिने गुपचूप उजवा पाय मागे घेतला. वही खरी होती! वर्ष वाचलं होतं, आणि या माणसावर आपण इतका संशय घेतला म्हणून तिला रडूच आलं. तेवढ्यात खाली एक खोडलेली ओळ दिसली. 'संशय आहे तोवर ती रोज येईल. जाऊ नये तो.'

"ते... खोडलंय मी," तो घाईघाईने म्हणाला. कान लालबुंद झाले होते.

"खोटं होतं?"

"नाही..."

"मग खरी नोंद कशाला खोडलीत?" ती म्हणाली, आणि तीच ओळ तिने त्याच्याच पेनने खाली पुन्हा लिहिली.