सळईला पाणी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका. हसणाऱ्यांचा मला राग येतो, आणि का येतो ते पुढे कळेलच.

साल १९६३. वैशाख महिना. अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याकडची आमची वस्ती.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. दुपारचे बारा वाजले होते.

चतुराबाई ही माझी मोठी आत्या. तिचे यजमान नत्थुजी रेडिओ दुरुस्त करायचे. खुशालराव हा संत्र्याच्या बागेचा मालक. त्याला 'अहो' म्हणायची माझी इच्छा नाही. रेडिओचा हौशी माणूस. सरकारी परवाना, पोस्टाने येणारी इंग्रजी मासिकं, सगळा थाट होता.

त्याच्या डोक्यात एक प्रयोग होता. रेडिओच्या कितीतरी खालच्या पट्टीचा सूर जमिनीत सोडायचा आणि दोन मैलांवर पकडायचा. डोकं त्याचं. राबणारे हात नत्थुजींचे.

बागेत विहिरीजवळ लोखंडी सळई पुरली होती. नत्थुजींनी बांधलेलं मशीन तिच्यातून सूर जमिनीत सोडायचं. इकडे आमच्या आत्याच्या अंगणात दुसरी सळई, एक बॅटरी आणि पोलादी नादकाटा. तो काटा एकच सूर ओळखायचा. सूर केसभर हलला, की काटा मुका. म्हणून सूर जागचा हलू न देणं हीच खरी मेहनत होती. मशीन तापून स्थिर व्हायला दोन तास लागत. मध्ये बंद केलं, की सगळं पहिल्यापासून.

त्यात वैशाखातली काळी माती. भेगाळली की सळईची पकड सुटायची आणि सूर पडायचा. म्हणून दर अर्ध्या तासाने नत्थुजी बागेतल्या सळईला बादलीभर पाणी घालायचे. पाणी पडलं, की इकडे काटा एकदम उसळायचा.

काट्यापाशी चतुराबाई बसायची. पुढ्यात घड्याळ, हातात वही. सूर जोरात असला की उभी रेघ, पडला की आडवी. शिक्षण दुसरीपर्यंत, पण तिची रेघ कधी चुकली नाही.

त्या दिवशी बाराला काटा वाजला.

साडेबाराला पडला.

मग उसळला. तिने उभी रेघ ओढली.

एक वाजता तो पुन्हा पडायला हवा होता. पडला नाही. एक वाजून दहा मिनिटांनी मात्र एकदम बंद झाला.

तीन वाजता नत्थुजींचं प्रेत बैलगाडीतून आणलं. दोन्ही तळवे करपून काळे पडले होते.

खुशालरावने पंचनाम्यात सांगितलं, मशीन मी बाराच्या आधीच बंद केलं होतं, नत्थू दारू पिऊन उन्हात पडला. पंच म्हणून शेजारच्या जानरावने सही केली.

दारू! ज्या माणसाने छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतल्यापासून थेंब तोंडाला लावला नव्हता, त्याच्या नावावर दारू.

चतुराबाई वही घेऊन चौकीत गेली. तिथला हवालदार पानं उलटून हसला. "बाई, ह्या रेघोट्यांचं काय करू मी?"

ती घरी आली, काट्याची बॅटरी काढून पेटीत टाकली आणि रडलीसुद्धा नाही. रागाने तिचे डोळे कोरडे पडले होते.

पंधरा दिवस गेले.

ती अंगण झाडत होती. ऊन डोक्यावर आलेलं. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आणि मग...

काटा वाजला.

तिने तारा पाहिल्या. मोकळ्या. बॅटरी पेटीत होती. तिने काटा मुठीत धरला. मुठीतही तो थरथरत होता.

साडेबाराला सूर पडू लागला. ती बघत राहिली.

सूर अगदी विझत आला... आणि उसळला.

कुणीतरी सळईला पाणी घातलं होतं.

दुसरी बाई किंचाळली असती. चतुराबाई संतापली. "मेल्यावर बी पाणीच घालून राहिला हा मानूस!"

तिने भरबाजारात खुशालरावला गाठलं. "उद्या बारा वाजता माह्या अंगणात या. नाई आले, तर रोज इथं येऊन बोंबलीन." चार लोक बघत होते म्हणून तो आला. तिने जानरावलाही बोलावून घेतलं होतं.

"मशीन मी खोलून मोकळं केलं, चतुराबाई," खुशालराव म्हणाला. "सळई बी उपटली. आता कुठून येईन सूर?"

"थे तुमीच आयका."

बारा वाजले.

काटा वाजला.

जानरावने मोकळ्या तारा बोटांनी चाचपल्या आणि हात मागे घेतला. साडेबाराला सूर पडायला लागला, तसा खुशालरावच्या मानेवर घाम आला. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं.

सूर विझत आला...

उसळला.

"बंद कर, नत्थू!" खुशालराव ओरडला. "मीच म्हणलं होतं तुले, पाणी घालतानी बी मशीन चालू राहू दे, सूर हालन म्हून! मले काय मालूम? मी मीटरच पाहून राहिलो होतो! बंद कर आता!"

साडेबारा ते एक दहा. चाळीस मिनिटं. बाहेर नत्थुजी विजेने सळईला चिकटले होते, सूर त्यांच्या अंगातून जमिनीत उतरत होता, आणि हा आत बसून सूर किती छान धरलाय म्हणून मीटर बघत होता.

काटा वाजतच होता.

"इथून काहून बोंबलता?" चतुराबाई म्हणाली. "थो दोन मैलावर हाय. तिथं जा. सळईच्या जागी उभं राहून सांगा. त्यानं तवा तुमचंच आयकलं, आता बी तुमचंच आयकन."

खुशालराव उठला, वहाणा तिथेच टाकून निघून गेला. बागेकडे नाही. घरी.

संध्याकाळी जानराव बागेत जाऊन आला. सगळं रान भेगाळलेलं. फक्त सळईच्या भोकाभोवती हातभर माती ओली. त्या ओल्या मातीत अनवाणी पायांचे दोन ठसे, शेजारी शेजारी, बोटं रुतलेली. येतानाचा ठसा नाही. जातानाचा नाही.

जानरावने चौकीत जाऊन आपण खोट्या पंचनाम्यावर सही केल्याचं सांगितलं. लिहिलेलं बदलत नसतं, चौकीतले म्हणाले. आजही त्या कागदावर दारूच आहे.

दिवाळीच्या आत खुशालराव बाग विकून अकोल्याला गेला. आत्या दर वैशाखात अकोल्याची गाडी धरायची आणि त्याच्या कापडाच्या दुकानासमोर उभी राहायची. एकच शब्द बोलायची. "चला."

सहा वैशाख ती गेली. तो आला नाही. सातव्याच्या आधी तो मेला. आपल्या अंथरुणात, शांतपणे. याचा मला अजून राग येतो.

आता आत्याही नाही. काटा माझ्याकडे आहे. त्याच्या दोन पात्यांमध्ये मी कापूस ठासून ठेवतो. वैशाख लागला, की कापूस जमिनीवर पडलेला असतो. त्याचं मला काही सांगता येत नाही.

बाराला काटा वाजतो. साडेबाराला सूर पडू लागतो. मी श्वास धरून बसतो. थांबा, नत्थुजी, असं किती वेळा म्हणालो असेन, पण मी त्यांचा मालक नाही. ज्याचं त्यांनी ऐकलं असतं, तो न सांगताच मेला.

सूर विझत जातो. वाटतं, यंदा तरी...

पाणी पडतं.