फुटाण्यांचा पुडा

पाटसच्या स्टँडवर कंपनीच्या बसची वाट पाहताना माझे हात थरथरायला लागले. शुगर खाली चालली होती, आणि पर्समधला ग्लुकोजचा पुडा नेमका संपलेला. शेजारी उभ्या असलेल्या उंच मुलाने डब्यातला गुळाचा खडा पुढे केला.

"आधी खावा. मग सांगा काय झालं ते."

थोड्या वेळाने जीव ठिकाणावर आला. हा नवनाथ – केंदूरचा, कुरकुंभला आमच्याच कंपनीत पॅकिंगला. डोळे फार शांत होते त्याचे... मी जरा जास्तच वेळ पाहिले, कबूल करते.

दोन दिवसांनी माझी जुळी बहीण तनुश्री बाजारातून हसत आली, हातात गूळ. "धने, तुझा गूळवाला भेटला! मला म्हणाला, आज चेहरा बरा दिसतोय, तरी असू द्या जवळ."

चिडवून चिडवून तिने मला नको नको केलं. पुढे मात्र गूळ बरोबर माझ्याच हातात पडू लागला.

"दोघी इतक्या सारख्या, मग शुगरचा आजार तुलाच कसा?" त्याने एकदा विचारलं.

"जनुकं तीच आहेत रे, धोका दोघींनाही मिळाला. पण कुठलं जनुक जागं राहायचं, कुठलं झोपायचं, ते त्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. एखादा विषाणू, खाणंपिणं... त्यानं खुणा बदलू शकतात. माझं नेमकं काय झालं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"म्हंजी आमचं आप्पा मेंढरांच्या पाठीवर रंग लावत्यात, तसंच की! मेंढरं सारखीच, पण रंग बघून ठरतं कुणाची लोकर कातरायची."

मी बघतच राहिले. कंपनीच्या लॅबमध्ये काम करूनही मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

"मग... लगीन करशील माझ्याशी?" त्याने तिथंच विचारून टाकलं.

"आधी आईला सांग. इन्सुलिन जन्मभर घ्यायचं आहे. आणि उद्या मुलालाही..."

"व्हईलच असं हाय का?"

"नाही, बहुतेकांना होत नाही. पण धोका इतरांपेक्षा जास्त. लपवून मला नांदायचं नाही, नवनाथ."

तो गावी गेला. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी मेसेज आला – रविवारी येतोय, साखरपुड्याला.

रविवारी त्याच्या आईने, बानूबाईंनी, माझ्या ओटीत पुडा घातला. उघडला तर आत फुटाणे! माझ्या आईचा चेहरा पडला.

"पोरीला शुगर हाय म्हणला ह्यो," बानूबाई ओशाळून म्हणाल्या. "मग तिला साखर कशी द्यायची? म्हून फुटाणं आणलं."

म्हणजे त्यांना माहीत होतं! तरी मला राहवलं नाही. "आणि उद्या मूल झालं... त्यालाही झालं तर?"

"तर सांभाळू. अशक्त कोकरू आमी रानात टाकून येतो व्हय गं?"

माझे डोळे भरून आले. हातही थरथरत होते – काळजीने सकाळपासून धड जेवले नव्हते. नवनाथने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं आणि खिशातून गूळ काढला.

"आई, हिची शुगर खाली गेलीय, हिला आत्ता गोडच पायजे."

"आगं बया!" म्हणत बानूबाईंनी खडा त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः मला भरवला. त्यावर मी चार फुटाणे खाल्ले, आणि भरल्या तोंडानेच सगळ्यांसमोर हो म्हटलं.