नाशिकची माती, हडपसरची हवा

ट्रक रिकामा झाला आणि कादंबरी कमरेवर हात ठेवून त्या मातीच्या ढिगाकडे कौतुकाने पाहत उभी राहिली. दिंडोरीची तांबूस, मुरमाड माती... नाशिकच्या वाइनचं नाव जिच्यामुळे झालं, ती! ती काम करायची त्या वाइन कंपनीच्या हडपसरजवळच्या शेतात सिमेंटच्या टाक्यांत ती भरायची, त्यात नाशिकचीच वेल लावायची आणि नाशिकची चव पुण्यात आणून दाखवायची, असा तिचा बेत होता.

"मॅडम, हा डोंगर इथेच राहणार आहे का?" मागून कुणीतरी विचारलं. "माझं थर्मामीटर त्याला टेकलंय, म्हणून विचारलं."

तो शाहिद होता, हवामानाच्या नोंदींसाठी नुकताच रुजू झालेला. ढीग उन्हात तापणार आणि याचे सगळे आकडे चुकणार, हे कादंबरीला कळलं. पण चूक कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मग थर्मामीटर हलवा. द्राक्ष मातीत येतं, हवेत नाही."

"त्यातला आंबटपणा हवेतून येतो. रात्री गार नसतील, तर द्राक्ष नुसतं गोड होतं. कंटाळवाणं."

"मी कंटाळवाणी वाटते तुम्हाला?"

"छे — आंबटपणा भरपूर आहे. रात्री फारच गार असतील तुमच्याकडे."

झालं! त्या दिवसापासून माती की हवा, हा वाद दोघांना जेवणासारखा रोज लागू लागला. वेली तारेवर चढल्या, 'तुम्ही'चं 'तू' झालं. जानेवारीच्या पहाटे नोंद घेऊन आलेल्या शाहिदच्या गारठलेल्या बोटांत ती चहाचा कप द्यायची... आणि कप सोडायचं विसरायची. प्रेमाचा शब्द मात्र दोघांपैकी कुणीच काढला नव्हता.

न काढलेला तो शब्द नारायण पेठेत, कादंबरीच्या घरी पोहोचला. तिचे वडील, दिगंबरराव, निवृत्त शिक्षक. ओरडणं त्यांना जमत नसे. ते एवढंच म्हणाले, "मुलगा चांगला असेलही. पण जशी माती तसं फळ, आणि तशीच माणसं. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

कादंबरीचंच वाक्य तिच्यावर उलटलं होतं. शाहिदला तिने हे सांगितलं, तर त्या शहाण्याने 'तुझं घर मोडून मला काही नको' म्हणत नाशिकला बदलीचा अर्जच दिला. तिला त्याचा असा राग आला की दोन दिवस पहाटेचा चहा तिने एकटीनेच प्यायला.

मग द्राक्षं उतरली आणि तपासणीचा निकाल आला. गोडी थेट नाशिकची, पण आंबटपणा पार गेलेला. आसपासच्या आयटी पार्कच्या भिंतींनी दिवसभर ऊन साठवलं होतं आणि रात्र गार होऊच दिली नव्हती. माती तीच, वेल तीच. फळ मात्र वेगळं. तीन वर्षांची मेहनत फुकट गेली म्हणून तिने रडायला हवं होतं. ती खुदकन हसली.

रविवारी बाबा जेवायला बसले, तशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, माझं चुकलं होतं. नुसती माती काही ठरवत नाही. मी स्वतः लावून पाहिलंय. मी शाहिदशी लग्न करणार आहे. तुम्ही आलात तर मला फार आनंद होईल. नाही आलात, तरी करणार आहे."

"प्रयोग फसला म्हणून लग्न?" दिगंबररावांनी ताकाची वाटी खाली ठेवली.

"हो. फसला हे बरं झालं."

तिने तिथेच फोन लावला.

"शाहिद, तू जिंकलास. अर्ज मागे घे आणि घरी ये... नाही, कोपऱ्यावर नाही. घरात. जेवायला." पलीकडून त्याने घाबरून काहीतरी विचारलं. कादंबरीने वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं.

"हो, समोरच बसलेत. ऐकताहेत. म्हणून तर आत्ता सांगतेय — माझं तुझ्यावर प्रेम आहे."