गोमुखी दिंडीखालची माती

माघातल्या पहाटेच्या धुक्यात भांगरगड पार बुडून गेला होता. कड्याखालची दरी दिसत नव्हती, समोरच्या डोंगरधारेवरचे, वेढा घालून बसलेल्या यासीनखानाचे मोर्चे दिसत नव्हते. पण त्या मोर्च्यांतून खोकणाऱ्या बंदूकच्यांचे आवाज इतके जवळून येत होते की, तटावरचे पहारेकरी श्वास आवरून उभे होते. दसऱ्यानंतर पडलेला वेढा ढिला होण्याचे नाव घेत नव्हता. अंबरखान्यात नाचणी होती, टाक्यांत पाणी होते, दारूकोठार भरलेले होते. आणि तरीही गडावरची माणसे उभ्याउभ्या ढासळत होती. हिरड्यांतून रक्त, हलणारे दात, काळेनिळे पडलेले पाय, न भरणाऱ्या जखमा. खुद्द किल्लेदार सुभानराव दळवी अंथरुणाला खिळले होते.

"हिरवा पाला पोटात गेल्याखेरीज हे दुखणे उतरायचे नाही," असे सांगून वैद्यांनी हात टेकले होते.

किल्लेदारांच्या पत्नी चिमाबाईंनी माठाचे आणि मुळ्याचे बी दोनदा पेरून पाहिले. सदरेपुढच्या तांबड्या मुरमात घातलेले पाणी चाळणीतून जावे तसे निघून गेले आणि बी कोरडेच राहिले. पडक्या घरांच्या जोत्यांवरच्या पांढऱ्या मातीत कोंब वर आले खरे. पण मातीने पापडी धरली, पानांची टोके करपली. बाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, तर ती खारट लागली. त्यांचे माहेर नीरेकाठचे. तिथे बी टाकावे आणि उगवावे. मातीला आधी विचारावे लागते, हे त्या या गडावर शिकल्या.

मग त्यांनी गडाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. हवी तशी माती सापडली ती नेमकी तटाबाहेर. तटातल्या चोरदरवाजाखाली, गोमुखी दिंडीखाली, कड्याला एक अरुंद पट्टी होती. पागेतली लीद आणि झाडांचा पाचोळा वर्षानुवर्षे पावसाने वाहून तिथे साचला होता. त्या मातीची मूठ वळली तर लाडू होई, अंगठा लावला तर भुगा. मात्र ती पट्टी समोरच्या बंदुकांच्या ऐन माऱ्यात होती.

"बाईसाहेब, मातीपायी माणसे घालवायची?" जमादार धारोजी विचारता झाला.

"माणसे रोज जाताहेतच, धारोजी. थुंकीतले रक्त तुम्ही लपवता, ते मला दिसत नाही का? पुढे मी असेन. मागून यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा."

धारोजीने गोणी खांद्यावर टाकली.

धुक्याच्या आडोशाने बाई, धारोजी आणि काही मावळे दिंडीतून खाली उतरले. वरचा मुरूम खरवडून टाकायचा आणि खालची काळसर, ओलसर माती तेवढी भरायची, हे बाई हाताने दाखवीत होत्या. गोण्या भरत आल्या, धुके विरळ होऊ लागले, तशी मंडळी माघारी वळली. दिंडी आतून बंद होती.

तटावरून सबनीस त्रिंबकपंतांचा आवाज आला, नेहमीसारखाच अदबशीर. "बाईसाहेबांनी क्षमा करावी. खानाने सर्वांच्या जीविताचा कौल दिला आहे. किल्लेदार ऐकत नाहीत, आपले ऐकतील. पदर फाडून समोर शरणागतीचे निशाण दाखवावे, म्हणजे दार उघडतो."

मागे बंद दार, पायांखाली दरी आणि समोर उजळत चाललेली धार. पंत खानाशी आतून मिळाले होते, हे आता सांगावे लागत नव्हते. आपल्या शब्दावर आलेली माणसे आपल्याकडेच बघताहेत, हे चिमाबाईंना जाणवत होते.

"पंत, गड धन्याचा आहे. माझ्या पदराने तो द्यायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून हलक्या आवाजात त्यांनी हुकूम दिला, "गोण्या रचा."

मातीच्या गोण्यांची कंबरभर भिंत उभी राहते न राहते, तोच पहिली फैर झडली. गोळ्या ओल्या मातीत घुसून थबकत. शेवटची गोणी सरकवताना धारोजीला गळ्यात गोळी लागली. काही बोलण्याआधीच तो गेला. उन्हे चढली. पाणी नव्हते, पाय लांब करायला जागा नव्हती. एकमेकांच्या अंगाला अंग लावून ती माणसे बसून राहिली, आणि बाई धारोजीचे डोके मांडीवर घेऊन दाराकडे बघत राहिल्या.

दिंडीवर पंतांनी आपली माणसे ठेवली होती; गनीम दाराशी भिडला आहे, अशी हूल त्यांनी गडभर उठवली होती. बंदुकांचे आवाज सुभानरावांच्या कानी गेले. चिमाबाई कुठे आहेत, याचे उत्तर कोणी देईना, तेव्हा ते काय ते समजले. पाय उचलत नव्हते. तरवार टेकीत, पुढे पुढे तर फरशीवर सरपटत ते दिंडीशी आले. पहाऱ्यावरच्या भालाईतांनी आपला किल्लेदार जमिनीवरून येताना पाहिला, आणि त्यांनीच अडसर काढला.

माणसे आत आली, धारोजी आत आला आणि अंधार पडल्यावर एकूण एक गोणीही आत आली.

ती माती सदरेच्या सावलीत पसरली गेली. महिना उलटायच्या आत माठ खुडणीला आला. पहिले ताट घायाळांकडे गेले; दुसरे घेऊन चिमाबाई स्वतः खोड्यात घातलेल्या त्रिंबकपंतांपुढे गेल्या. पंतांच्याही हिरड्या सुजल्या होत्या.

"मला का जगवता?" पंतांनी विचारले.

"धारोजीच्या बायकोला तुम्हाला काही विचारायचे आहे. तोवर जगा."

पंतांनी मान खाली घालून घास घेतला.

पावसाळ्याच्या तोंडावर खानाने डेरे उठवले. काठीच्या आधाराने चालणाऱ्या सुभानरावांना राजधानीहून मानाची वस्त्रे आली. ती त्यांनी चिमाबाईंपुढे ठेवली. बाईंनी धारोजीच्या घराला इनाम जमीन मागितली. कोणती, असे कारकुनाने विचारले, तेव्हा त्या पालखी नाकारून पायीच गडाखाली उतरल्या. दोन शेते त्यांनी नुसती ओलांडली. ओढ्याकाठच्या तिसऱ्या शेतात त्या खाली बसल्या, ढेकूळ फोडले, मूठ वळली, अंगठा लावला. मग माती तशीच हातात धरून धारोजीच्या बायकोकडे वळल्या.

"बघ गं, ही चालेल?"

तिने ती माती आपल्या ओंजळीत घेतली.