बाबांचा राग उतरेपर्यंत

खोटं वाटेल. मलाही पुष्कळदा वाटतं. पण हे माझ्या दाजींच्या, थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या, बाबतीत घडलंय. मंगळवार, दुपारचे तीन, तुरुंगातली भेटीची खोली... एवढं तरी पक्कं.

दाजी शिंपी. मुलानं खोडी काढली, की ते त्याला कापडाच्या खोलीत कोंडायचे. मग धाकटी लेक शिवणाची लोखंडी टोपी बोटात घालून बाहेरून दार वाजवायची.

टक... टक...

"रडू नको. बाबांचा राग उतरला की सोडतील."

हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवव्या वर्षी ती गेली. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या ट्रकखाली.

पाच वर्षांनी तुरुंगातून पत्र आलं. त्या ड्रायव्हरला लवकर सोडायला तुमची हरकत आहे का?

"सडू दे मेल्याला!" ताई म्हणाली.

दाजींना त्याला रडताना बघायचं होतं. म्हणून ते गेले.

जाळीपलीकडे तो बसला होता. वाळून काटकी झालेला.

"काका, एक विचारू? तुमच्या मुलीच्या बोटात... लोखंडाचं काही असायचं का?"

दाजी जाळीजवळ सरकले.

"रोज दुपारी माझं दार वाजतं. बाहेर कुणीच नसतं. नुसता आवाज... रडू नको, बाबांचा राग उतरला की सोडतील."

पाच वर्षं दाजी घरात कान लावून बसले होते. साधी चाहूल नाही.

आली ती... याच्याकडे!

शिवी ओठांवर आली होती. निघालं भलतंच.

"आवाज कसा आहे रे तिचा?"

"सर्दी झाल्यासारखा."

दाजी तिथंच ढसाढसा रडले.

घरी आल्यावर मला म्हणाले, "मेहुणे, तुमचं अक्षर बरं. लिहा, हरकत आहे."

"अजून राग गेला नाही?"

"राग कधीच गेला हो. पण तो सुटला, तर ती कुठं जाईल?"

मी लिहिलं.

आता दाजी दर महिन्याला भेटीला जातात. ताईला वाटतं, माणूस सुडानं पेटलाय. तो ड्रायव्हर तिचं बोलणं सांगतो, दाजी ऐकतात. बस्स.

मागच्या खेपेला तो म्हणाला, "काका, हल्ली तीच रडते. घरी जायचंय म्हणते. पण मी कोंडलेला असताना जाणार कशी?"

काल तुरुंगातून तसंच दुसरं पत्र आलं. दाजींनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

दाजी समोर बसून आहेत. लिहा म्हणत नाहीत... नका लिहू असंही म्हणत नाहीत.