सयाजीकाकांची भवानी

"म्हणजे आम्ही हेरगिरी करायची, असं सरळ सांग ना मामा," स्वानंद म्हणाला.

चंद्रशेखरमामाने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "हेरगिरी नाही रे, ऑब्झर्वेशन. दिवाळीची सुट्टी आहे, टेम्पोत बसा, मस्त फिरा. सयाजी कुठे थांबतो, कोणाला काय देतो, एवढं फक्त बघायचं. त्यात काय टेन्शन?"

टेन्शन स्वानंदच्या मावसबहिणीला, जाईला होतं. नावड्याच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या आईचा, वैशालीताईंचा, आकाशकंदील बनवायचा गाळा होता. गाळ्यातून दुकानांत माल पोचवायचा तो सयाजीकाकांनी, आणि तोही गेली सात वर्षं. जाई पहिलीत असल्यापासून कधीकधी शाळेतून घरी त्यांच्या टेम्पोतून यायची. आता त्याच टेम्पोत बसून त्यांच्यावरच नजर ठेवायची, हे तिला मुळीच पटत नव्हतं.

पण गेले पाच दिवस रोज एक खोकं कमी भरत होतं. गाळ्यातून निघताना मोजून बावीस खोकी जायची आणि दुकानांत मिळून एकवीस उतरायची. कधी कामोठ्याचा फोन, कधी खारघरचा. एका खोक्यात पंचवीस कंदील. दिवाळी चार दिवसांवर आलेली, आणि दिवाळीनंतर कंदिलाला कुत्रंसुद्धा विचारत नाही.

"आजही खोकं कमी आलं, तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर," मामा आईला म्हणाला. "मी बोलून ठेवलंय."

"सात वर्षांत एक खोकं गेलं नव्हतं रे," आई म्हणाली. मामाच्या बाजूला आकडे होते, तिच्या बाजूला नुसता विश्वास.

मामा बेलापूरच्या एका ऑफिसात कामाला होता. धंद्यातली मालवाहतूक कशी करावी याचा त्याने कोर्स केला होता, आणि गेल्या आठवड्यात सुट्टी काढून तो बहिणीच्या मदतीला आला होता. आल्या आल्या त्याने कॉम्प्युटरवर टेम्पोचा रस्ता आखून दिला. आधी खांदेश्वर, मग कामोठे, बेलापूर, खारघर आणि सगळ्यात शेवटी नावडे गावातलं वेणूबाईंचं दुकान. ते गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, त्यामुळे परतताना वाटेत पडायचं. फेरी गोल व्हायची, डिझेल वाचायचं.

"आणि टेम्पो भरायचा उलटा," मामाने पोरांना समजावलं. "जो माल शेवटी उतरायचा, तो आधी चढवायचा. म्हणजे तो जातो तळाशी, आणि पहिल्या दुकानाचा माल दाराशी राहतो. दार उघडलं की हात घालून काढायचा. हे लॉजिस्टिक्सचं अगदी बेसिक आहे."

जाईला ते पटलंही. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

हेरगिरी करायचीच तर नीट करू, असं तिने ठरवलं. चोरी झालीच तर कुठलं खोकं गेलं ते तरी कळायला हवं. खोकी सगळी एकसारखी तपकिरी, त्यामुळे तिने खडू घेतला आणि उतरण्याच्या क्रमाने प्रत्येक खोक्यावर आकडा टाकला. एक ते पाच खांदेश्वर, सहा ते नऊ कामोठे, दहा ते चौदा बेलापूर, पंधरा ते एकोणीस खारघर, आणि वीस, एकवीस, बावीस वेणूबाईंची. सयाजीकाका चहाला गेले होते तेवढ्यात काम उरकलं.

काका आले, टेम्पो भरला, दार लावलं. "चला, बसा हेरसाहेब," असं काही ते म्हणाले नाहीत. ते नेहमीसारखंच म्हणाले, "पोरांनो, दाराला हात लावू नगा, सैल हाय ते."

टेम्पो निघाला आणि दोन मिनिटांत थांबला. स्वानंदने जाईला कोपराने ढोसलं. समोर वेणूबाईंचं दुकान होतं.

"काका, हे तर शेवटचं दुकान ना?" जाईने विचारलं.

"कागदावर आसंल. माझी सकाळची भवानी हितंच हुती. पयला माल वेणूआजीच्या हातात दिला, की दिवस सरळ जातोय. सात वर्सं झाली, कदी चुकवलं न्हाई."

"मामाला माहितीये हे?"

"साहेबांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," काका म्हणाले आणि खाली उतरले.

आता वेणूबाईंची खोकी होती तळाशी. ती काढायची तर पुढची एकोणीस बाहेर घ्यायला हवीत. काकांनी भराभरा ती दुकानाच्या ओट्यावर रचली. ओट्यावर आधीच कालपरवाची रिकामी खोकी होती. खोक्यांची घडी केली की कोपरे फाटतात, म्हणून आईने ती उभीच परत मागवायचा नियम केला होता. पुढच्या मोसमात तीच वापरायची.

वेणूबाई काठी टेकत बाहेर आल्या. "आलास रं सयाजी? आन ही पोरां कोनाची?"

"वैशालीताईंची जाई, आन तिचा मावसभाऊ."

"मंग च्या पिऊन जा. रूपेश, च्या आन रं!"

रूपेश म्हणजे त्यांचा नातू, जाईच्याच वर्गातला. तो चहा घेऊन आला, पण काकांना घाई होती. एवढी खोकी काढून परत भरायची म्हणजे वीस मिनिटं जायची, आणि मामाच्या कागदावर तेवढी वीस मिनिटं नव्हती. काका उभ्या उभ्या चहा प्याले, खोकी आत ढकलली आणि टेम्पो हाणला.

खांदेश्वरला पाच उतरली. कामोठ्याला चार. जाई आकडे बघत होती, स्वानंद वहीत टिपत होता. सगळं बरोबर चाललं होतं, आणि त्यामुळे स्वानंदला कंटाळा यायला लागला होता. "कसली चोरी आणि कसलं काय," तो जांभई देत म्हणाला.

बेलापूरच्या दुकानात दहा, अकरा, तेरा आणि चौदा उतरलं. बारा नव्हतं.

दुकानदार ज्योतिबाशेठनी कपाळाला आठ्या घातल्या. "सयाजी, आज माझा नंबर का?"

काकांनी टेम्पोत चढून कोपरा न कोपरा बघितला. आत खारघरची पाच खोकी होती, बाकी काही नव्हतं. ते खाली उतरले आणि फूटपाथच्या कडेला बसले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. एवढा मोठा माणूस असा बसलेला जाईने कधी पाहिला नव्हता.

"आपण सगळा वेळ बरोबर होतो," स्वानंद हळूच म्हणाला. "मधे कोणी दार उघडलंच नाही. खोकं हवेत गेलं का?"

"बाराने आज फक्त बेलापूरला उतरायचं होतं," जाई म्हणाली. "पण ते आधी एकदा उतरलं होतं. तिथे त्याचं काही काम नसताना."

स्वानंदने आ वासला. जाईने आईचा जुना फोन काढून रूपेशला लावला.

"रूपेश, ओट्यावरची खोकी बघ जरा. एखाद्यावर खडूने बारा लिहिलंय का?"

पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज आला. "बारा? हाय ना. रिकाम्यांच्या मागं हाय. ए, यात कंदील हायत गो! वजनच लागत नाय."

घडी घातलेल्या पतंगी कागदाला कसलं आलंय वजन? चार रिकाम्या खोक्यांत एक भरलेलं असलं, तरी उचलणाऱ्याला पत्ता लागत नाही. सयाजीकाका ऐकत होते. ते सावकाश उठले. "आन सांजच्याला मी ती रिकामी गोळा करून न्हेतो," ते म्हणाले. "एकदम पाच-पाच उचलतो."

"नेऊन कुठे टाकता?"

"गाळ्याच्या माळ्यावर."

संध्याकाळी टेम्पो गाळ्यात शिरला तेव्हा मामा दारातच उभा होता. "ज्योतिबाशेठचा फोन आला होता. आज बेलापूरचं गेलं," तो म्हणाला. "ताई, मी तुला काय सांगत होतो?"

"मामा, शिडी धर," जाई म्हणाली.

ती आणि स्वानंद माळ्यावर चढले. एकेक खोकं हलवायचं आणि कान लावायचा. पहिली नऊ रिकामी निघाली. दहावं सळसळलं. मग चौदावं. वीस मिनिटांत गाळ्याच्या मधोमध पाच भरलेली खोकी ओळीने मांडली होती, शेजारी वेणूबाईंच्या ओट्यावरून आणलेलं बारा नंबरचं सहावं. पाच दिवस सगळ्यांनी दुकानदारांना फोन लावले होते, आणि माल डोक्यावरच्या माळ्यावर होता. काखेत कळसा, गावाला वळसा. जाईने ओट्यावर काय घडलं ते सांगितलं.

"पण हा सयाजी पहिल्यांदा वेणूबाईंकडे का थांबतो? रूटमध्ये तर..." मामाने कागद काढला.

"तू कधी टेम्पोत बसला होतास का?" आईने विचारलं.

मामा बसला नव्हता. त्याने कागद बघितला, खोकी बघितली आणि खिशातून पेन काढलं. वेणूबाईंचं नाव खालून खोडून त्याने सगळ्यात वर लिहिलं. "त्यांची तीन खोकी शेवटी चढवायची, दाराशी," तो म्हणाला. "रिकामी घ्यायला येताना थांबायचंच आहे. एक मिनिटही जास्त लागत नाही." मग तो काकांकडे वळला. "सयाजीराव, माझं चुकलं. विचारायला हवं होतं मी."

"मीबी सांगाया पायजे हुतं साहेब," काका म्हणाले. "आखडून बसलो."

आईने जाई आणि स्वानंदच्या पाठीवर थाप मारली. "हुशार आहात दोघं. ज्योतिबाशेठना सांगते, तुमचं खोकं पोरांनी शोधलं म्हणून." स्वानंद फुशारला. जाईला मात्र सुखाने हसता येईना. काका टेम्पोचं दार पुसत होते, तिथे ती गेली.

"काका, ते आकडे... मी तुमच्यावर लक्ष ठेवायला टाकले होते."

"ठावं हाय. भरतानाच दिसलं मला."

"मग पुसले का नाहीत? रागावला का नाहीत?"

सयाजीकाकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "मी का म्हणून पुसू? पाच दिस समदी माझ्याकडं बघून मनात मोजत हुती. तू उघड मोजलंस. मोजू दे म्हणलं पोरीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत चौथा माणूस दाटीने बसला होता. वेणूबाईंच्या ओट्यापाशी काकांनी दार उघडलं, दाराशीच असलेलं पहिलं खोकं उचललं आणि मामाच्या हातात दिलं.

"घ्या साहेब," ते म्हणाले. "आजची भवानी तुमच्या हातनं."